सोसेल इतके गरम

"दुखत अजिबात न्हाय, सायेब. हिनंच धरून आणलं," केणे म्हणाले.

त्यांच्या पत्नी हिराबाईंनी उजव्या पायाला गुंडाळलेले फडके सोडले. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा भाजलेली होती. कडेचे फोड फुटून ओले झाले होते. मधली कातडी पांढरट, कोरडी आणि कडक होती. तिच्यावर टूथपेस्टचा थर वाळला होता. भाजून पाच दिवस झाले होते.

भाजलेला भाग मध्यभागी पांढरा असेल आणि पेशंट दुखत नाही म्हणत असेल, तर भाजणे खोलवर गेलेले असते. हे मला ठाऊक होते. केणेंना ठाऊक नव्हते. ते हसत होते.

"कशाने भाजले?" मी विचारले.

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिले. मग म्हणाले, "भाजलं कुठं? शेक घेतला. तुमीच सांगितलेला."

मी फिजिओथेरपिस्ट. भिवंडीत चाळीस वर्षे प्रॅक्टिस केली. निजामपुऱ्याच्या एका गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्यांचे क्लिनिक होते. दोन्ही बाजूंना यंत्रमाग चालत. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की वीज जाऊन माग थांबले, म्हणजे मी दचकत असे. माझे पेशंट मुख्यतः मागावरचेच. बारा तासांची शिफ्ट उभ्याने करणाऱ्यांचे गुडघे, कंबर आणि घोटे लवकर कुरकुरू लागतात. लोक मला 'शेकाचे डॉक्टर' म्हणत. ते मला आवडत नसे. शेक हा आमच्या कामाचा लहानसा भाग आहे, खरे काम व्यायामाचे असते, हे मी प्रत्येकाला सांगत असे. ऐकत कोणी नसे.

काशिनाथ केणे जॉबर होते. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा आणि लावणारा कारागीर. माग बिघडला की मालक आधी त्याच्याकडे पाहतो. केणे वडप्याजवळच्या गावातले, वय साठीच्या आसपास. एका कारखान्यात त्यांच्या हाताखाली बरेच माग होते आणि त्यांच्याशिवाय तिथले पान हलत नसे. काही वर्षांपूर्वी सुताचा भरलेला बीम उतरवताना तो त्यांच्या उजव्या घोट्यावर पडला. बीम म्हणजे ताण्याचे सूत गुंडाळलेला जड रूळ. हाड जुळले, सांधा मात्र बिघडला. मागाखाली उकिडवे बसणे हेच जॉबरचे निम्मे काम. घोटा वाकत नसेल तर ते काम होत नाही.

"आजून चार-पाच वर्षं मला खाली बसता आलं पायजे," पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते. "मग तोडून टाका पाय, काय बोलणार न्हाय."

हे वाक्य मला नंतर पुष्कळदा आठवले.

त्या दिवशी त्यांचा केस पेपर मीच भरला. डायबेटिस दहा-बारा वर्षांचा. गोळ्या चालू, पथ्य जेमतेम. सांध्याला सूज नव्हती, लाली नव्हती. सूज असेल, सांधा हाताला कढत लागत असेल, तर शेक देत नाहीत. त्याने सूज वाढते. केणेंचा घोटा जुना, आखडलेला आणि कोरडा होता. अशा सांध्याला उष्णतेने आराम पडतो. भोवतीचे स्नायू सैल होतात, रक्त जास्त फिरते आणि व्यायाम करणे सोपे जाते. झिजलेला सांधा काही भरून येत नाही. पण अर्धा तास बरा जातो आणि त्या अर्ध्या तासात व्यायाम उरकता येतो.

मात्र शेक देण्यापूर्वी एक चाचणी करावी लागते. डायबेटिसमध्ये पायाच्या नसा मंद होतात. गरम, गार, टोचणे, काही कळेनासे होते, आणि कळत नाही हेही पेशंटला कळत नाही. म्हणून काचेच्या दोन नळ्या घ्यायच्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. पेशंटने डोळे मिटायचे. आपण कोणताही क्रम न पाळता एकेक नळी कातडीला लावायची आणि विचारायचे, गरम की गार? पाच मिनिटांचे काम आहे.

मी केणेंना डोळे मिटायला सांगितले. त्यांनी मिटले. मी नळी लावली आणि विचारले, "गरम की गार?"

उत्तर नाही.

मी आवाज चढवून पुन्हा विचारले. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. "काय बोललात?"

मागाच्या आवाजात आयुष्य गेलेल्या माणसाचे कान गेलेले असतात. कारखान्यात ही माणसे खुणांनी बोलतात. एक बोट वर केले की एक अर्थ, तळहात फिरवला की दुसरा. बाहेर आली की समोरच्याच्या तोंडाकडे पाहून बोलणे ओळखतात. केणे समोरासमोर उत्तम बोलत. डोळे मिटले की मात्र त्यांना जवळजवळ काही ऐकू येत नसे. मी आणखी एकदा प्रयत्न केला. तेच झाले. बाहेर बाकावर सात-आठ पेशंट बसले होते. त्यांतला एकजण आत डोकावून म्हणाला, "डॉक्टरसाब, कितना टाइम?"

"ठीक आहे," मी केणेंना म्हणालो. "डोळे उघडे ठेवा."

त्यांनी डोळे उघडे ठेवले. मी नळ्या लावत गेलो. ते "गरम", "गार", "गार", "गरम" असे सांगत गेले. एकही उत्तर चुकले नाही. मी केस पेपरवर लिहिले : उष्ण-शीत संवेदना नॉर्मल.

गरम पाण्याच्या नळीच्या तोंडाशी वाफ धरलेली असते. गार नळीला बाहेरून दव येते. चालत्या मागातला एक तुटलेला धागा दहा फुटांवरून ओळखणाऱ्या माणसाला हे दिसणार नाही, असे मी गृहीत धरले. माझ्या मनात तो विचारच आला नाही, इतकेच.

पुढचे दहा दिवस त्यांनी क्लिनिकमध्ये शेक घेतला. आमच्याकडे हॉट पॅक असतो. विशिष्ट माती भरलेली ती कापडी पिशवी गरम पाण्याच्या टाकीत ठेवलेली असते. ती टॉवेलच्या सहा-आठ घड्यांत गुंडाळून सांध्यावर ठेवायची, पंधरा-वीस मिनिटे. दर पाच मिनिटांनी टॉवेल उचलून कातडी पाहायची. फिकट गुलाबी झाली तर ठीक. लालभडक किंवा ठिपके-ठिपके दिसली तर लगेच काढायचे. हे पाहण्याचे काम अस्मिता करत असे. ती माझ्याकडे अकरा वर्षे काम करणारी फिजिओथेरपिस्ट, कामात काटेकोर. त्या दहा दिवसांत काही झाले नाही, याचे श्रेय तिचे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी केणे मला म्हणाले, "सायेब, शेक लागतच न्हाय. नुसता टॉवेल ठेवल्यावानी वाटतं."

इथे मी थांबायला हवे होते. पण ही तक्रार मी चाळीस वर्षे रोज ऐकत आलो होतो. चटका बसल्याशिवाय शेक लागू पडत नाही, अशी इथे पुष्कळांची समजूत आहे. मी त्यांना नेहमीचे व्याख्यान दिले. शेक कोमटच असावा, चटका म्हणजे उपचार नव्हे, वगैरे. त्यांनी मान डोलावली. कारखान्यात मालकाचे बोलणे ऐकू आले नाही तरी मान डोलवायची असते.

आणखी एकदा त्यांनी विचारले, "वज्रेश्वरीला गरम पान्याच्या कुंडात बसलो तर चालंल का? आमी दर वर्षाला जातो."

"कुंड बंद," मी म्हणालो. "तिथल्या पाण्याचे तापमान कोण मोजते?"

सल्ला बरोबर होता. पण कुंडात बसल्यावर काय होते, हे मी विचारले नाही.

दहा दिवसांनी घोटा बराच मोकळा झाला. वडप्याहून रोज येणे त्यांच्या ड्युटीत बसत नव्हते. मी त्यांना रबरी पिशवी दिली आणि घरी तिने शेक घ्यायला सांगितले. सूचनांचा छापील कागद दिला. तो कागद मीच प्रॅक्टिसच्या सुरुवातीला लिहिला होता आणि तेव्हापासून तसाच पुन्हा पुन्हा छापून घेत होतो. टॉवेलच्या दोन घड्या, पंधरा मिनिटे, शेक घेत झोपू नये, बाम लावून शेक घेऊ नये. सगळे होते. मी तो त्यांना वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली. मी त्यांच्याकडून ते परत म्हणवून घेतले नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी हिराबाई त्यांना धरून घेऊन आल्या, तो हा दिवस.

मी कोरडी निर्जंतुक पट्टी बांधली आणि काय घडले ते विचारले. भाजले त्या दिवशी शुक्रवार होता. आमच्याकडे बऱ्याच कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असते. हिराबाई वज्रेश्वरीला बहिणीकडे गेल्या होत्या. केणेंनी पाणी तापवून पिशवीत भरले. शेक लागेना, म्हणून टॉवेलची एक घडी काढली. तरी लागेना, म्हणून दुसरीही काढली. पिशवी घोट्यावरून घसरत होती. मग त्यांनी जॉबरचे डोके चालवले. कारखान्यातून आणलेल्या जुन्या पट्ट्याने ती पायाला आवळून बांधली आणि टीव्ही पाहत बसले.

"किती वेळ?"

"पिच्चर संपला तवा सोडली," केणे म्हणाले. "एकदम फिट्ट बसलेली. हललीच न्हाय."

ते हे जरा अभिमानाने सांगत होते.

"कागद दिला होता ना?" मी विचारले. माझा आवाज कठोर होता. चूक त्यांची आहे, असे मला त्या क्षणी वाटत होते.

हिराबाईंनी हातातल्या कापडी पिशवीतून तो कागद काढला. घडी घालून प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेला होता. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. "ह्यात लिवलंय तसंच केलं त्यांनी. वाचा तुमी."

मी वाचले. 'पाणी सोसेल इतकेच गरम असावे.'

त्यांना सोसले होते.

मी लगेच एका सर्जनला फोन केला आणि दोघांना रिक्षाने त्यांच्याकडे पाठवले. ते गेल्यावर अस्मिता केस पेपर घेऊन माझ्यासमोर आली.

"सर, संवेदनेची टेस्ट कोणी केली होती?"

"मी."

"डोळे मिटून?"

मी केस पेपर तिच्या हातातून घेतला.  ती म्हणाली, "त्यांना ऐकू येत नाही म्हणून अडलं असेल. खांद्यावर टिचकी मारायची, सर. टिचकी म्हणजे सांगा. गरम असेल तर एक बोट, गार असेल तर दोन. मी मागावरच्या सगळ्यांची तशीच घेते. खुणा त्यांना शिकवाव्या लागत नाहीत."

"हे मला कधी सांगितले नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, सर. आणि तुमची टेस्ट मी कशी तपासणार?"

ती बरोबर बोलत होती. माझ्या क्लिनिकमध्ये मला कोणी तपासत नसे. ती व्यवस्था मीच लावली होती.

सर्जन मोकळेपणाने बोलणारे होते. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "घोट्यापाशी मांस नसतं. कातडी गेली की लगेच हाड. त्यात शुगर वाढलेली आणि पाच दिवस उशीर. पाय वाचवायचा प्रयत्न करतो. शब्द देत नाही."

दुसऱ्या दिवशी मी आणि अस्मिता वॉर्डात गेलो. बरोबर दोन नळ्या नेल्या होत्या. केणेंचा डावा पाय शाबूत होता. अस्मिताने त्या पावलावर चाचणी घेतली, तिच्या पद्धतीने. डोळे मिटलेले, खांद्यावर टिचकी, बोटांनी उत्तर. केणे न अडखळता बोटे दाखवत होते. दहा वेळा नळी लावली. चार उत्तरे बरोबर आली. दहापैकी चार म्हणजे अंदाजाने ठोकलेले.

केणेंनी डोळे उघडले. "किती मार्क?"

"चार," अस्मिताने बोटे दाखवली.

"नापास मग," ते म्हणाले आणि हसले. हिराबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

मला जे सांगायचे होते ते हळू आवाजात सांगता येणार नव्हते. मी त्यांच्या समोर उभा राहिलो. त्यांना माझे तोंड दिसेल असा उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "ही चाचणी पहिल्या दिवशी अशीच घ्यायला हवी होती. मी ती चुकीची घेतली. तुमच्या पायाला संवेदना नाही, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. घरी शेक घ्यायला मी सांगायला नको होते."

सगळ्या वॉर्डाने ऐकले. समोरच्या खाटेवरचा माणूस उठून बसला.

 केणे म्हणाले, "पट्टा मी बांधला ना."

"पिशवी मी दिली," मी म्हणालो.

मग हिराबाई बोलल्या. आवाज चढलेला नव्हता. "कुंडावर मी पयला हात घालून पानी बघायची, मगच यांना उतरू द्यायची. कडक कुंडात हे खुशाल पाय सोडून बसायचे. लोकं बोलायची, जॉबरचा पाय लोखंडाचा हाय. तुमी कुंड बंद केलंत. मला वाटलं, डाक्टरला समदं ठावं हाय. तुमी मला एकदा जरी इचारलं असतं."

मी विचारले नव्हते. भाजण्यापूर्वी केणे जेव्हा जेव्हा क्लिनिकमध्ये आले, तेव्हा हिराबाई बाहेर बाकावर बसलेल्या असत. मी त्यांना एकदाही आत बोलावले नव्हते.

जखम साफ करण्यासाठी दोन ऑपरेशन झाली. मी दर आठवड्याला जात होतो. दुसऱ्या ऑपरेशननंतर थोडे दिवस जखम भरत आहे असे वाटले. केणेंनी कारखान्यातल्या कोणाच्या तरी हाती निरोप पाठवला की माझा पाना कोणी घेऊ नका. मग ताप चढला. इन्फेक्शन हाडात उतरले होते. सर्जननी मला बाजूला घेतले आणि एकच वाक्य सांगितले. त्या आठवड्यात उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पुढचे काम आमचे होते. कापलेल्या पायाचे स्नायू तयार करणे, कृत्रिम पाय बसला की त्यावर उभे करणे, चालवणे. हिराबाई त्यांना माझ्याकडे आणणार नाहीत, असे मी धरून चाललो होतो. त्या आणत राहिल्या. मी कारण विचारले नाही. त्यांनी सांगितले नाही. आता त्या बाकावर बसत नसत. आत, टेबलाजवळ उभ्या राहत.

केणे चालायला लवकर शिकले. कृत्रिम पायाचा पट्टा काचतो म्हणून त्यांनी तो स्वतःच कापून नीट बसवला. चांगला बसवला. पण त्या पायाने उकिडवे बसता येत नाही. कारखान्यात त्यांच्या जागी दुसरा जॉबर आला. सुरुवातीला तो अडला की केणेंना बोलावणे येई. ते खुर्चीवर बसून बोटाने दाखवत. नंतर बोलावणे कमी झाले.

वर्षभराने ते एकदा आले आणि टेबलावर बसत म्हणाले, "आता डावा गुडघा दुखतो. दोघांचं काम एकट्याला पडलंय ना." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "शेक देता काय?"

अस्मिताने माझ्याकडे पाहिले. हिराबाईंनीही.

मी गुडघा पाहिला. सूज नव्हती, लाली नव्हती, सांधा कढत नव्हता. मी दोन नळ्या भरल्या. केणेंनी मी सांगण्याआधीच डोळे मिटले. मी खांद्यावर टिचकी मारत गेलो, ते बोटे दाखवत गेले. दहापैकी दहा बरोबर आली. पावलाच्या नसा गेल्या होत्या, गुडघ्याच्या शाबूत होत्या. मी चाचणी पुन्हा पहिल्यापासून घेतली. पुन्हा दहा.

मी पॅक टॉवेलच्या नेहमीपेक्षा दोन घड्या जास्त घालून गुंडाळला. आधी माझ्या मनगटाला लावला. मग हिराबाईंपुढे धरला. त्यांनी आत हात घालून पाहिला, वेळ घेऊन पाहिला, आणि मान हलवली. तेव्हा तो गुडघ्यावर ठेवला.

"लागतोय?" मी विचारले.

"लागतोय की," केणे म्हणाले. "ऊन लागतंय." थोड्या वेळाने म्हणाले, "तुमी का हुबे? बसा ना, सायेब."

मी बसलो नाही. टॉवेलखाली हात ठेवून पंधरा मिनिटे उभा राहिलो.

त्यानंतर मी फार दिवस प्रॅक्टिस केली नाही. क्लिनिक आता अस्मिता चालवते. सूचनांचा तो कागद मात्र जाण्यापूर्वी मी बदलला. 'सोसेल इतकेच' ही ओळ काढली. तिच्या जागी आता असे आहे : 'डायबेटिस असेल किंवा पाय बधिर वाटत असतील, तर तपासणी करून घेतल्याशिवाय शेक घेऊ नये. पाणी कोमट असावे. ते घरातल्या दुसऱ्या माणसाने हात लावून पाहावे. पिशवी बांधू नये. दर पाच मिनिटांनी कातडी पाहावी. शेक लागत नाही असे वाटले, तर पाणी अधिक गरम करू नये. शेक थांबवून आम्हाला कळवावे.'

शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. ते लिहायला मला चाळीस वर्षे आणि दुसऱ्याचा एक पाय लागला.